शिंप्याचे शिंपले

कुंभकोणमच्या शिंप्यांच्या गल्लीत सुंदररावांवर एक थट्टा कायमची ठरलेली होती. "ह्याच्या शिंपल्यांत कधी मोती निघाला नाही, निघाला तो ह्याच्या डोळ्यांत." थट्टा करणाऱ्यांपैकी कुणालाच मोतीबिंदू झालेला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ती फार आवडायची. सुंदररावांना ती आधी बोचली, मग सवयीची झाली आणि पुढे तर नवा माणूस भेटला की ते स्वतःच ती ऐकवून मोकळे होऊ लागले. दुसऱ्याने ऐकवण्यापेक्षा ते बरं.

धंदा पिढीजात शिवणाचा. थोरले भाऊ रघुनाथराव कापड बेतायचे आणि सुंदरराव काज, बटण, गळा असली नाजूक कामं करायचे. काज करण्यात त्यांचा हात धरणारा शिंपी त्या गावात नव्हता. चाळिशी उलटली आणि सुईचं नाक दिसेनासं झालं. एका डॉक्टरने उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली, तो डोळा कायमचा गेला. डाव्या डोळ्याला मग सुंदररावांनी कुणाला बोटही लावू दिलं नाही. त्या डोळ्याने समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, पण तो हसतोय की रडतोय हे कळत नसे.

रघुनाथराव स्वभावाने फार चांगले, आणि खरा त्रास तोच होता. त्यांनी दुकानाच्या कोपऱ्यात एक गादी टाकली आणि म्हणाले, "सुंदर, तूं इथें नुस्ता बैस. काम आम्ही पाहतों." बसल्या जागी कॉफी येई, पान येई. तिथले तमिळ लोक ह्या मराठी रावांना रायर म्हणत. गिऱ्हाईक आलं की ओरडून विचारी, "कसं काय रायर, बरं आहे ना?" डोळे गेलेल्या माणसाचे कानही गेले असं लोकांना का वाटतं, देव जाणे. सुंदरराव दिवसभर त्या गादीवर बसत आणि संध्याकाळी दुकान वाढवलं की घरी येऊन बायकोवर चिडत.

"नुस्तें बसून माणूस जगतो कीं काय?" ते म्हणत.

"मग उठा," भवानी म्हणे. तिचा स्वभाव असाच रोखठोक होता.

ते उठले ते मणीमुळे. मणी हा जवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावचा पानमळेवाला. रघुनाथरावांना विड्याचा नाद, त्यामुळे गावात पानांच्या टोपल्या घेऊन आला की तो दुकानात डोकावत असे. एकदा सुंदरराव गादीवर बसून उत्तरेकडून आलेली शिंपल्याची बटणं बोटांनी निवडत होते. मणी म्हणाला, असले शिंपले आमच्या तळ्यात ढिगाने आहेत, तळहाताएवढे. पुढच्या खेपेला त्याने एक आणून हातावर ठेवला. सुंदररावांनी तो ओट्याच्या दगडावर घासला. वरचं काळं साल गेलं आणि खालचा गुळगुळीत थर बोटाला लागला तेव्हा त्यांचा चेहरा असा काही झाला की रघुनाथरावांनी कात्री खाली ठेवली.

लोहाराकडून त्यांनी सामत्याला, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराला, बसेल अशी दातेरी गोल नळी करून घेतली. नळी फिरवली की शिंपल्यातून चकती निघे. ती घासायची, कड मारायची, मधे दोन भोकं पाडायची. ह्या कामाला डोळे लागत नव्हते. पहिलं बटण त्यांनी भवानीच्या हातावर ठेवलं. ती म्हणाली, "वांकडें आहे." पण रात्रीपर्यंत ते तिने पदराच्या गाठीतून सोडलं नाही.

तळ्यात आहेत तेवढे काढले आणि संपले की गप्प बसले, असं करणारा दुसरा कुणी असता. सुंदररावांनी शिंपले पाळायचं ठरवलं. कालव्याच्या चिखलात पायाने चाचपून ते छोटे शिंपले गोळा करत, बांबूच्या उथळ टोपल्यांत वाळू घालून त्यात रोवत आणि टोपल्या मणीच्या तळ्यात बुडवून ठेवत. मणी पोट धरून हसला. त्याच्या घराण्यात पान लावलं होतं, भात लावला होता, पानवेलीला आधार म्हणून हादगा लावला होता. शिंपला लावायला आलेला हा पहिलाच रायर.

मारायचा प्रश्न होताच. घरात विठोबाचं भजन, गळ्यात माळ, आणि शिंपला काढायचा म्हणजे आतला जीव जायचाच. तो प्रश्न मणीच्या बायकोने सोडवला. शिवकामी पाणी उकळून त्यात शिंपले टाकी, आतलं मांस बदकांना घाली आणि रिकामी कवचं धुऊन सुंदररावांच्या पुढ्यात ओती. मारायचं काम शिवकामीचं आणि हळहळायचं काम सुंदररावांचं, अशी वाटणी झाली. दोघंही आपापलं काम मनापासून करत.

पहिल्या साली सुंदररावांना वाटलं होतं, पाणी आहे, चिखल आहे, शिंपल्याला आणखी काय लागतं? पुष्कळ लागतं. उन्हाळ्यात नद्या आटल्या, तळं गुडघाभर उरलं आणि दुपारी ते पाणी अंघोळीला काढल्यासारखं कढत लागू लागलं. शिंपले वाळले. कवच तेवढंच, पण आतला जीव एवढासा. त्यात मणीने शेताला घातलेल्या विलायती खताचं पाणी चुकून तळ्यात उतरलं. दुसऱ्या दिवशी सुंदररावांनी टोपलीत हात घातला तर प्रत्येक शिंपला आ वासून पडलेला. शिंपल्याचं हे असं असतं. आत जीव आहे तोवर तो आतून दार ओढून धरतो. जीव गेला की ओढणारं कुणी उरत नाही आणि सांध्याच्या ताणाने दार आपोआप उघडतं. त्या दिवशीचा वास सुंदररावांच्या नाकातून महिनाभर गेला नाही.

दुसऱ्या साली ते शहाणे झाले. खताच्या पाण्याला वेगळी वाट काढून दिली. उन्हाळ्यात तळ्यावर झावळ्यांचा मांडव घातला, टोपल्या खोल पाण्यात सरकवल्या. पण ह्या खेपेला कवचंच पातळ निघाली. भोक पाडताना बटण तडकायचं. कुणीतरी सुचवलं की पाण्यात चुना कमी असेल. म्हणून पडक्या भिंतीचा जुना गिलावा आणून त्याची ढेकळं त्यांनी तळ्यात टाकली. त्याच साली मणीच्या मेहुण्याने जाळं टाकून तळ्यातले मासे साफ केले आणि पुढच्या हंगामात शिंपल्याचं एकही पिल्लू दिसलं नाही. माशांचं आणि शिंपल्यांचं काय नातं आहे ते दोघांनाही उमगलं नाही, पण काहीतरी आहे एवढं समजलं. मग मणीने मेहुण्याला चार शब्द सुनावले आणि कालव्यातले मासे आणून तळ्यात सोडले.

ह्या सगळ्याचा हिशेब कवचावर उमटतो, हे सुंदररावांच्या बोटांना कळत गेलं. शिंपला वाढतो तसा त्याच्या पाठीवर कडं चढतं. सुखाचे महिने असले की कडं रुंद आणि सपाट. पाणी तापलं, गढूळलं, खायला मिळालं नाही की तिथे बारीक उंचवटा, कापडाला चूण घालावी तसा. नखाने पाठ खरवडून ते सांगत, "हा गेला उन्हाळा. हें खताचें पाणी. इथें झावळ्या घातल्या." भवानीने एकदा विचारलं, "माझी पाठ पाहून सांगाल कीं काय, कोणत्या साली काय सोसलें तें?" सुंदररावांनी पुढचा शिंपला उचलला. शहाणपणच केलं.

बटणं निघत होती, पण थोडी. रघुनाथराव ती घेत आणि बरी आहेत म्हणत. भावाने भावाची समजूत काढावी तसं ते बोलणं सुंदररावांना वाटे. भवानीचा मात्र धीर सुटत चालला होता. ऊन नाही, पाऊस नाही, अधू डोळ्यांचा माणूस तळ्यात कमरेपर्यंत उभा. पाय घसरला तर? एक दिवस ती म्हणालीच, "पुरे झालें आतां. अण्णांच्या दुकानांत काय कमी आहे तुम्हांस?"

"हें एक साल पाहतों," सुंदरराव म्हणाले. "ह्या सालीं शिंपले गेले तर मी आपण होऊन त्या गादीवर जाऊन बसतों. मग तूं उठ म्हणालीस तरी उठत नाहीं."

बोलून गेले आणि त्या दिवसापासून त्यांना त्या गादीची स्वप्नं पडू लागली.

ते एकोणीसशे छपन्न साल. त्या साली सगळं मनासारखं जमलं. मांडवाखाली पाणी गार राहिलं, कवचं जाड झाली, पाठीवरून नख फिरवलं तर हे एवढं रुंद कडं. सुंदरराव हरखून गेले. आता एकच घाट उरला होता. उन्हाळ्याच्या अखेरीस मेट्टूरचं धरण उघडतं आणि कोरड्या कालव्यांना पाणी सुटतं. गावोगाव त्या पाण्याला फुलं वाहतात, ते ठीक आहे. पण पहिलं पाणी कालव्यात साठलेली सगळी घाण पुढे ढकलत आणतं. शेण, राख, कुजका पाला आणि हा असा दाट चिखल. शिंपला पाणी आत ओढून, गाळून त्यावर जगतो. घाण पाणी आलं की तो दार लावून घेतो आणि आत श्वास कोंडून बसतो. थोडे दिवस तग धरतो, फार दिवस नाही. म्हणून पहिलं पाणी येण्याआधी तळ्याचं तोंड पेंढा आणि मातीने बुजवायचं आणि पाणी निवळलं की उघडायचं. हे काम सुंदरराव स्वतः करत. दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता.

नेमका त्याच वेळी त्यांना ताप भरला. साधासुधा नाही, अंथरुणावरून मान उचलवेना. त्यातही ते उठायला बघत होते. भवानीने दारात पाट टाकला आणि त्यावर ठाण मांडलं. "जाऊन दाखवा," ती म्हणाली. मणीला निरोप गेला, तळ्याचं तोंड बुजव. मणीचा उलट निरोप आला, बुजवलं. तरी सुंदरराव तापात बडबडत राहिले. माती कसली घातली, चिकण की रेताड? पेंढा आडवा की उभा?

मणी स्वतः आला तो एका सकाळी. ताप उतरणीला लागला होता. भवानी देवळात गेली होती. मणीची गाडी बाजाराकडे निघाली होती आणि बैल उभे राहायला तयार नव्हते, म्हणून तो उंबऱ्यावरूनच बोलला. एरवी त्यांचं सगळं बोलणं तमिळमधून चाले. पण मणीला सुंदररावांच्या सहवासात पाच-पंचवीस मराठी शब्द आले होते आणि आजारी माणसाला त्याच्या घरच्या भाषेत सांगावं, तेवढंच त्याला बरं वाटेल, असं त्या भल्या माणसाच्या मनात आलं.

"रायर," तो म्हणाला, "नवें पाणी आलें. बांध फुटला. माती अस्की तळ्यांत. तुमचे अस्के मिटले."

अस्के म्हणजे सगळे. तंजावरकडच्या मराठी घरांत हा शब्द अजून चालतो.

एवढं बोलून बैलांवर ओरडत तो निघून गेला.

आता त्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर काय झालं ते कळायचं नाही. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, असा तिथे पिढ्यान्‌पिढ्या दंडक. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. घरात तांदूळ संपला असं कधी कुणी म्हटलं नाही, तो भरपूर झाला म्हणायचं. आणि माणूस मेला असं तर शत्रूबद्दलही नाही. डोळे मिटले म्हणायचं, तेही लांबत असेल तर नुसतं मिटले. सुंदररावांचे वडील मिटले, आई मिटली, एक लहान बहीण होती ती पाळण्यातच मिटली. ह्या कानांनी तो शब्द जेव्हा जेव्हा ऐकला तेव्हा घरात चूल पेटली नव्हती.

धडधाकट डोळ्यांच्या माणसाला कदाचित शंका आली असती, कारण मणीच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. सुंदररावांना दिसलं ते दारातल्या उजेडात उभं राहिलेलं एक काळं अंग, आणि मग नुसता उजेड.

भवानी आली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "अगो," ते म्हणाले, "अस्के मिटले."

तिने हातातला प्रसाद देव्हाऱ्यापुढे ठेवला. ती काहीतरी बोलेल, मी सांगत होतें म्हणेल, अशी सुंदरराव वाट पाहत होते. तशी बोलली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. ती जवळ येऊन बसली आणि तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघायला म्हणून, आणि तो तसाच राहू दिला. तेव्हा मात्र सुंदररावांना आवरलं नाही. मोठा माणूस, उशीत तोंड खुपसून रडला. शिंपल्यांसाठी रडला असं म्हणायला हरकत नाही, पण आपण आता कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही, ह्यासाठी ते रडणं जास्त होतं.

संध्याकाळी रघुनाथराव बघायला आले. सुंदररावांनी त्यांना बसूही दिलं नाही. "अण्णा, मी येतों दुकानांत. बसायला."

रघुनाथरावांनी विचारलं, "शिंपले?"

"गेले."

"अस्के?"

"अस्के."

"सरि, बरें," रघुनाथराव म्हणाले. "ये. गादी झाडून ठेवतों." त्यांचा आवाज इतका पडला होता की सुंदररावांच्या अंगावर काटा आला. एवढी कीव? ते मनात म्हणाले, ह्याहून ताप बरा होता.

पण गादीवर जाण्याआधी एक काम उरलं होतं. मेलेले शिंपले पाण्यात तसेच ठेवले तर तळं नासणार, आणि त्या तळ्यावर मणीची गुरं पाणी पीत. आपण घातलेली घाण आपण काढायची, एवढं सुंदररावांना कळत होतं. चालण्याइतकी ताकद येताच ते गोणपाट घेऊन निघाले. एकट्याने जाऊ देईल ती भवानी कसली. दोघं सकाळच्या गाडीने सुंदरपेरुमाळ कोयिलला उतरली आणि कालव्याच्या कडेने चालू लागली. कालवा दुथडी भरून वाहत होता, बायका कडेला कपडे आपटत होत्या, सगळं गाव पाणी आलं म्हणून खुशीत होतं. सुंदररावांना त्या खुशीचा राग आला.

पानमळा जवळ आला तसे ते नाकाने हवा ओढू लागले. पहिल्या सालचा वास त्यांना पाठ होता. तो ह्या वळणापर्यंत यायला हवा होता. आला नाही. आला तो ओल्या मातीचा आणि हादग्याच्या फुलांचा.

"वाहून गेले असतील," ते म्हणाले. "धड कवचेंही उरलीं नाहींत."

मणी मळ्याच्या पलीकडच्या टोकाला होता. शिवकामी बदकं हाकत होती. गोणपाट बघून तिने विचारलं, आत्ता कसे काढता रायर, पाणी निवळल्यावर काढायचे ना? सुंदररावांनी ऐकलं न ऐकलं करून धोतर वर खोचलं. ते पाण्यात उतरले आणि पहिल्या टोपलीत हात घातला.

टोपली होती. टोपलीभर गाळ होता. गाळाखाली शिंपला होता, आणि त्याचं दार लागलेलं होतं.

दुसरा उचलला, तोही तसाच. तिसरा, चौथा. भवानी काठावरून विचारत होती, काय, काय आहे? सुंदरराव पुढचा चाचपू लागले. त्यांना आनंद होऊ द्यायचा नव्हता. कारण एक दगा त्यांना ठाऊक होता. शिंपला चिखलात रुतून मेला तर दार उघडायला जागा नसते. आत गाळ भरतो आणि तो तसाच लागलेला राहतो, वजनालाही जड. हाताला जिवंत वाटतो आणि फोडला तर मुठीएवढी माती. अधू डोळ्यांच्या माणसाला अशा मातीने एकदा फसवलं होतं.

"शिवकामी," त्यांनी हाक मारली, "विहिरीचं पाणी दे. स्वच्छ. मोठ्या भांड्यात."

तिने पितळी अंडा, म्हणजे तिकडचं मोठं पातेलं, भरून काठावर ठेवला. सुंदररावांनी त्यात टोपलीतले शिंपले धुऊन सोडले आणि बाजूला बसले. जिवंत असतील तर स्वच्छ पाणी लागल्यावर दार किलकिलं करतील. नसतील तर नाही. बघायचं भवानीने, कारण ते काम डोळ्यांचं.

"उघडलें?" त्यांनी विचारलं.

"नाहीं."

भवानीने बरोबर आणलेला दहीभात काढला. त्यांनी नको म्हटलं. पुन्हा विचारलं, उघडलें? नाहीं. शिवकामी वाकून बघून गेली. बदकंही येऊन बघून गेली. ऊन डोक्यावर येऊ लागलं तसा तिने अंडा सावलीत सरकवला. सुंदररावांच्या मनात गादी येत होती, गादीवरची कॉफी येत होती, मोठ्याने विचारणारी गिऱ्हाइकं येत होती.

"अहो," भवानी एकदम हळू आवाजात म्हणाली, "हा एक... कांहींतरी हालतें. रेघ दिसते. पांढरी."

सुंदरराव इतक्या घाईने पुढे सरकले की भात सांडला. त्यांनी अंड्यात हात घातला, तिने मनगट धरून बोट नेमकं त्या रेघेवर नेलं. बोटाच्या टोकाला काहीतरी मऊ, गार लागलं, आणि त्याच क्षणी शिंपल्याने दार लावलं. बोटासकट.

"आई आई गे!"

ही आरोळी मळ्याच्या पलीकडच्या टोकाला मणीने ऐकली आणि साप चावला असं समजून तो विळा घेऊन धावत आला. येऊन बघतो तर रायर अंड्याजवळ बसलेले, एक बोट वर, बोटाला शिंपला लटकलेला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडाने हसताहेत. भवानी बाजूला बसून पदराने तोंड दाबत होती. मणी विळ्याचं टोक शिंपल्यात घालायला वाकला.

"खबरदार!" सुंदरराव ओरडले. "हात लावूं नको त्याला!"

"दुखत असेल, रायर."

"दुखतंय! काय सुरेख दुखतंय!"

मग मणीला सगळं सांगितलं. त्याला आधी कळेचना. "मेले असं मी कधी म्हणालो?" तो तमिळमध्ये तावातावाने म्हणाला. "मिटले म्हणालो. मूडिक्किच्चु! दारं लावून घेतली! घाण पाणी आलं तरी वेळेवर लावून घेतली, तुमचे सगळे सुखरूप आहेत, हेच तर सांगायला आलो होतो. तुम्हीच शिकवलात तो शब्द. संध्याकाळी ह्याच तळ्यात कमळ हाताने चाचपून म्हणालात, मिटलं."

सुंदरराव म्हणाले होते खरं. कमळ मिटतं, हादग्याचं पान मिटतं, त्यात अशुभ काही नाही. पण कमळाबद्दल बोलल्यासारखं हे बोलणं त्यांनी ऐकलंच नव्हतं. घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं ऐकलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, भवानीला मात्र न सांगता समजलं. ती आता उघड उघड हसत होती, हसता हसता रडत होती आणि मधेच मणीला रागावत होती की पुन्हा आमच्या घरांत येऊन मराठी बोलशील तर बघ.

थोडे गेले होते. बांध फुटला त्या तोंडाशी असलेल्या टोपल्यांत माती भरलेले निघाले, ते त्यांनी वेचून काढले. बाकीच्यांवरचा गाळ उपसला, टोपल्या खोल पाण्यात सरकवल्या, मणीने फुटलेलं तोंड पुन्हा लिंपलं. तापातून उठलेल्या माणसाला हे झेपायला नको होतं, पण झेपलं. भवानीसुद्धा लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि उतरल्यावर तिला कळलं की नवऱ्याचा पाय तिथे घसरणं शक्य नाही. त्या तळाचा कण न्‌ कण त्याच्या पायांना ठाऊक होता.

संध्याकाळी दोघं गावात परतली ती थेट दुकानात. रघुनाथरावांनी शब्द पाळला होता. कोपऱ्यात गादी झाडून, वर नवं छिट घालून तयार. सुंदरराव उंबऱ्यातच उभे राहिले, सुजलेलं बोट धरून.

"अण्णा," ते म्हणाले, "ती गादी काढ. मी बसायला येत नाहीं. जिवंत आहेत."

रघुनाथरावांच्या हातातून गज खाली पडला. "कोण?"

"शिंपले. अस्के जिवंत आहेत. समजण्यांत चूक झाली."

रघुनाथराव मटकन त्या गादीवर बसले. मग उठले, कपाट उघडलं आणि आतले सदरे काढून भवानीपुढे एकावर एक टाकू लागले. त्यांचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत सुंदररावांनी त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "हे पाहा, भवानी! काजें करून पडलेत! हे, आणि हे, आणि हे लग्नाचे! बाजारचें बटण दाखवलें तर गिऱ्हाईक नको म्हणतें. सुंदरचेंच लाव म्हणतें. मी काय सांगों त्यांस? हा म्हणतो अस्के गेले! तेव्हांपासून मज अन्न गोड लागलें नाहीं. आणि हा शहाणा म्हणे गादीवर बसतों!"

सुंदररावांनी हात पुढे करून ढिगातला वरचा सदरा घेतला. पट्टीवरून अंगठा फिरवला. काज, काज, काज, आणि समोरची बाजू रिकामी.

"कधीं देशील?" रघुनाथरावांनी विचारलं. ही कीव नव्हती. खोळंबलेला शिंपी विचारतो तसं ते खडसून विचारत होते.

"पाणी निवळूं दे," सुंदरराव म्हणाले. "मग देतों."